तीन नंबरची प्रत

प्रकाशक भिंगबाईंकडे आला तो निकाल खिशात घालूनच. त्याला तपास नको होता, तपासाखाली सही हवी होती.

भिंगबाईंनी पंचवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे वादातली मृत्युपत्रं, निनावी पत्रं आणि संशयास्पद पावत्या घेऊन येऊ लागले, आणि बाईंचं खरं नाव मागे पडलं. सोबतीला त्यांचे दीर असायचे. बँकेच्या नोकरीतून सुटलेले, मनाने साफ, डोक्याने सावकाश. बाई त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून सगळेच म्हणत.

प्रकाशकाचा धंदा घरबसल्या खेळायच्या खेळांचा. एका डब्यात पट, फासे, सोंगट्या आणि बत्तीस पानी नियमपुस्तिका. 'ओहोटी' नावाचा नवा खेळ तीन आठवड्यांनी बाजारात यायचा होता. होड्या, खडक आणि उतरतं पाणी असा त्याचा मामला. पण मंगळवारी कुणीतरी त्याची अख्खी नियमपुस्तिका खेळाडूंच्या एका संकेतस्थळावर फुकट टाकून दिली होती.

"आम्ही पुस्तिकेची फाईल विकत नाही," प्रकाशक म्हणाला. "कुणालाच नाही. फासे आणि सोंगट्या कुणाच्याही कपाटात असतात. खेळ म्हणजे नियम. फाईल बाहेर गेली की खेळ गेला."

चोर कोण ते त्याला ठाऊक होतं. खेळ तपासायला चार प्रती काढायच्या आणि नवव्या पानावरच्या नमुन्याच्या डावात, फाशावर पडलेला आकडा प्रत्येक प्रतीत वेगळा छापायचा, ही त्याच्या वडिलांनी पाडलेली पद्धत. बापलेकांशिवाय ती कुणाला माहीत नव्हती. एक, दोन आणि चार नंबरच्या प्रती खेळून पाहणाऱ्या गटांकडे जात. तीन नंबरची, अगदी वडिलांच्या काळापासून, नियमलेखकाची. फुटलेल्या फाईलमध्ये पाच पडले होते, आणि पाच फक्त तीन नंबरमध्ये पडत होते.

सोमवारी या व्यवसायातल्या प्रत्येक प्रकाशकाला एक पत्र जाणार होतं. या माणसाने विश्वासघात केला आहे, त्याला दारात उभं करू नये, असा मजकूर. नियमलेखक बावन्न वर्षांचा होता आणि नियम लिहिण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. पत्राखाली एका तिऱ्हाइताची सही असली की कुणी शंका घेणार नाही, म्हणून प्रकाशक बाईंकडे आला होता.

बाईंनी पत्र वाचलं, घडी केली आणि परत दिलं. सही करायची की नाही ते शनिवारी सांगेन, म्हणाल्या.

"एक विनंती आहे," जाताना तो म्हणाला. "वडिलांच्या कानावर यातलं काही घालू नका. डोळे गेलेत त्यांचे. आता या वयात हा घाव कशाला?"

संध्याकाळी भाऊजी फाईल उघडून बसले. त्यांना ती फार आवडली. शब्द टाकला की सापडायचा. त्यांनी 'होडी' टाकून पाहिलं तर एकेचाळीस होड्या निघाल्या. त्याच संकेतस्थळावर प्रकाशकाच्या आधीच्या खेळांच्या पुस्तिकाही होत्या, पण त्या म्हणजे कुणीतरी फोनने काढलेले फोटो. पानं तिरपी, ओळी अर्ध्या, कोपऱ्यात अंगठा. भाऊजींनी प्रकाशकाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, त्या जाऊ द्या, वर्षानुवर्षं पडल्यात, त्यांचं काही नाही.

"आणि चोर हौशी आहे, वहिनी," भाऊजी म्हणाले. "प्रत्येक चित्राखाली चित्रात काय आहे ते लिहिलंय. 'डावीकडे तीन होड्या, उजवीकडे खडक, मागे धुराडं.' समोर चित्र दिसतंय की. मग लिहायचं कशाला?"

बाईंनी सोळा आणि सतरा ही मधली दोन पानं मोठी करायला सांगितली आणि बराच वेळ त्यांच्या मधोमध पाहत राहिल्या.

"काय दिसतंय?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही."

"मग पुढचं पान घेऊ?"

"नको. 'काही नाही' हेच पाहतेय."

दुसऱ्या दिवशी दोघं प्रकाशकाकडे गेले. खाली कचेरी, वर घर. जेवणाच्या टेबलावर सूनबाई, म्हणजे प्रकाशकाची बायको, कागदांचे गठ्ठे लावून बसल्या होत्या. तपासणीच्या प्रतींची जुळणी आणि घडी त्याच करायच्या, मधोमध दोन पिनाही त्याच मारायच्या. नवा खेळ कसा वाटला, असं भाऊजींनी विचारलं, तर त्या हसल्या. नियम त्यांनी जन्मात वाचले नव्हते. पानांचे आकडे जुळले की त्यांचं काम संपलं. बोलताना मात्र त्यांची एक पीन वाकडी गेली.

खिडकीजवळच्या खुर्चीत थोरले, म्हणजे प्रकाशकाचे वडील, बसले होते. ऐंशीच्या घरातले, ताठ. फोन कानाला धरून ते बातम्या ऐकत होते, आणि तो इतक्या वेगाने बोलत होता की भाऊजींना एक अक्षर कळेना. एवढ्यात तीन बातम्या झाल्या, थोरले म्हणाले. डोळ्यांनी वाचणारे लोक फार वेळखाऊ.

प्रकाशकाने ओळख करून दिली. "बाबा, हे छपाईवाले. तो बागेचा खेळ सांगितला होता ना तुम्हाला, त्यासाठी आलेत." एवढं बोलून तो खाली कुणाला तरी भेटायला गेला. भाऊजी बुचकळ्यात पडले. बाईंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

थोरले गप्पिष्ट होते. त्यांनी वहीला एक असे एकोणीस वह्या भरून खेळ रचले होते, डोळे चांगले असताना त्या छापायच्या राहिल्या. नऊ वर्षांपूर्वी दृष्टी गेली आणि वर्षभरात वह्यांना वाळवी लागली, असं मुलगा म्हणाला. थोरल्यांनी वाळवी पाहिली नव्हती, पाहणार तरी कशी. वह्या वाळवीतून वाचल्या असत्या तरी उपयोग नव्हता, कारण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

"मलासुद्धा लागायचं नाही," ते म्हणाले. "इथे एकालाच लागायचं."

नवा खेळ कसा आहे, भाऊजींनी विचारलं.

"बागेचा आहे म्हणतात. बरा आहे. शेवटची फेरी तेवढी जरा लांबते."

चित्रकार बाई दोन गल्ल्या पलीकडे राहत होत्या. डब्यावर नाव बारीक छापलं म्हणून त्यांचं प्रकाशकाशी वर्षभर वाजलं होतं, त्यामुळे भाऊजींनी त्यांना मनातल्या मनात आरोपी करूनही टाकलं. पण त्यांना राग होता तो वेगळाच. फुटलेल्या फाईलमध्ये त्यांच्या दीपस्तंभाला धुराडं म्हटलं होतं.

"कच्चं चित्र असलं म्हणून काय झालं?" त्या म्हणाल्या. "पुस्तिकेच्या तिसऱ्या ओळीत दीपस्तंभ लिहिलाय. ज्याने हे लिहिलं त्याने निदान एक ओळ तरी वाचायची."

शेवटी नियमलेखक. कचेरीच्या मागच्या खोलीत तो रिकाम्या टेबलाशी बसला होता. खण आवरून झाले होते. बाईंनी मागितल्यावर त्याने आपली तीन नंबरची प्रत काढून दिली. मधोमध दोन पिना, आणि नवव्या पानावर पाचाच्या जागी लाल शाईने तीन.

"पाच पडले तर होडी खडकावर जाते, डाव जुळत नाही," तो म्हणाला. "हातात प्रत पडली की पहिलं ते दुरुस्त करतो. वीस वर्षं माझ्याच प्रतीत तो डाव चुकतो. कुणाला सांगून उपयोग नाही."

बाकीची माहिती त्याने मान खाली घालून दिली. पूर्वी ही मंडळी पुस्तिकेच्या फायलीही विकत. आठ वर्षांपूर्वी बंद केल्या, मालक स्वतः खेळ रचायला लागले तेव्हापासून. 'ओहोटी' हा मालकांचा आठवा. चांगला आहे, पण शेवटची फेरी लांबते, खेळून पाहणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. सुधारू का, असं विचारलं तर मालक म्हणतात, आहे तसंच ठेव. का, ते सांगत नाहीत.

"तुमच्याकडे येणारा कच्चा मजकूर हाताने लिहिलेला असतो की टंकलेला?" बाईंनी विचारलं.

नियमलेखकाने लाल पेनाला टोपण लावलं. "मला मिळतं ते मी नीट लिहितो," तो म्हणाला. "बाकी मी विचारत नाही."

शनिवारी दुपारी सगळे वरच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसले. प्रकाशक, सूनबाई, चित्रकार बाई आणि नियमलेखक. थोरल्यांना आत पाठवावं असं प्रकाशक म्हणत होता. बाईंनी त्यांनाच आधी खुर्ची दिली. पत्रांचा गठ्ठा टेबलावर होता, पाकिटांवर पत्तेसुद्धा घातलेले.

"सही मी करणार नाही," बाई म्हणाल्या. "ही पुस्तिका नियमलेखकांच्या प्रतीवरून निघालेली नाही. पिना मारलेली प्रत उकलली तरी मधल्या पानाला भोकं राहतात आणि घडीची रेघ राहते. फुटलेल्या फाईलमध्ये सोळा-सतराच्या मधोमध भोक नाही, रेघ नाही. ती पानं घडी घालायच्या आधी स्कॅनिंगच्या यंत्रावर ठेवली होती. नियमलेखकांच्या हातात प्रत येते ती पिना मारून."

नियमलेखकाने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"चित्रकार बाईंना स्वतःचा दीपस्तंभ ओळखता येतो. म्हणजे चित्रांखाली लिहिणारा माणूस असा, ज्याने नियमांची एक ओळही वाचली नाही, पण सुटे कागद ज्याच्या हाताखालून जातात."

सूनबाई रडायला लागल्या. आवाज न करता.

"तू?" प्रकाशकाने विचारलं.

"त्यांनी चोरी केली नाही," बाई म्हणाल्या. "चोराला चित्राखाली चित्र सांगायची काय गरज? ज्याला चित्र दिसत नाही, त्याच्यासाठीच ते लिहितात. ही फाईल ऐकायसाठी केलेली आहे. या घरात वाचण्यासाठी कान वापरणारा माणूस एकच आहे."

कुणीही थोरल्यांकडे पाहिलं नाही. आंधळ्या माणसाकडे पाहायला काय हरकत आहे, पण नाही पाहिलं.

सूनबाईंनी सगळं सांगितलं. महिनाभरापूर्वी बाबा म्हणाले, नवा खेळ मला एकदा नीट ऐकव, मुलगा ऐकवतो ते तुकडे असतात. बाबांना हवं तेव्हा पुन्हा ऐकता यावं, म्हणून त्यांनी पानं यंत्रावर घेतली, दोन दुपारी बसून चोवीस चित्रांखाली लिहिलं आणि फाईल बाबांच्या फोनवर घातली. म्हाताऱ्या माणसाचा जीव रमेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

"पण बाबांना काय करायचं होतं ते बाहेर टाकून?" प्रकाशक ओरडला.

"ते तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना बागेचा खेळ सांगितलात. होड्यांचा खेळ बागेचा का सांगितलात? आणि बागेचा खेळ ऐकलेल्या माणसाला शेवटची फेरी लांबते हे कसं कळलं? आठ वर्षांपूर्वी या घरात तीन गोष्टी एकदम झाल्या. वह्यांना वाळवी लागली, तुम्हाला खेळ सुचायला लागले आणि फायली विकणं बंद झालं. तिरप्या फोटोंचं तुम्हाला काही वाटत नाही, कारण त्या पानांवर फोन अडखळतो. तुमचं भय चोरांचं कधीच नव्हतं. कागद वडिलांशी बोलत नाही, फाईल बोलते. एक फाईल विकायला काढली असती, तर ती कधी ना कधी या खिडकीपर्यंत आली असती, आणि त्यांना स्वतःचाच खेळ ऐकू आला असता. म्हणून एकही नाही."

भाऊजींच्या बँकेत लबाड्या पुष्कळ व्हायच्या, पण तिथे माणसं निदान परक्यांना लुबाडायची.

प्रकाशक काहीतरी बोलू लागला. वह्या कपाटात कुजतच होत्या, त्यातून धंदा उभा केला तो मी, बाबांना काय कमी केलं मी. सगळं खरं असावं. थोरल्यांना दोन वेळा गरम जेवण होतं आणि खिडकीजवळ खुर्ची होती.

"सहाव्या पानावर ओळखलं," थोरले म्हणाले. "पाणी उतरलं की खडकावरची होडी उचलता येत नाही. हा नियम मी तुझी आई दवाखान्यात होती तेव्हा बाकावर बसून लिहिला होता. फोनच्या त्या कोरड्या आवाजात ऐकला. पुन्हा ऐकला. अकरा वेळा ऐकला."

नियमलेखक उठून त्यांच्याजवळ गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण सुटलो याचंच ते असावं. मालकांचा संशय आपल्यावर आला हा योगायोग, यात थोरल्यांचा काय दोष, असं काहीसं तो म्हणू लागला.

"योगायोग नाही," बाई म्हणाल्या. त्यांना ते बोलायचं नव्हतं असं भाऊजी नंतर म्हणत. "सूनबाई, चारांपैकी तीन नंबरचेच कागद का घेतलेत?"

"बाबा म्हणाले, तीनचेच घे."

"माझं अक्षर इथे एकालाच लागायचं," थोरले म्हणाले. त्यांनी मान नियमलेखकाच्या आवाजाकडे वळवली. "माझ्या पोराला माझी एक ओळ वाचता येत नाही. त्या वह्या त्याला कुणी वाचून दिल्या? आठ वर्षं माझी वही पुढ्यात घेऊन तू माझे खेळ उतरवलेस आणि रोज वर येऊन माझ्या तब्येतीची चौकशी केलीस. फाईल ऐकून मी महिनाभर थांबलो. तू सांगशील म्हणून. मग टाकली. पाच आकडा बघून हा तुझीच मान धरेल, हे मला ठाऊक होतं. ती पद्धत माझीच आहे."

"मला नोकरी दुसरी नव्हती," नियमलेखक म्हणाला.

"नव्हतीच. म्हणून तर तीच काढून घ्यायची होती."

नियमलेखक खाली बसला. त्याचं नाव धुऊन निघालं होतं, आणि आता त्याला ते कुणाला दाखवायची सोय उरली नव्हती. टेबलावरची पत्रं चित्रकार बाईंनी फाडली. कुणीतरी ती फाडायला हवीच होती.

"एकोणीस होत्या," थोरले मुलाला म्हणाले. "आठ तू छापल्यास. उरलेल्या अकरा माझ्या डोक्यात आहेत. दर सोमवारी एक खेळ फोनला सांगणार आणि सगळ्या जगाला फुकट देणार."

"अहो बाबा, घर चालतं यावर. मुलींची शिक्षणं आहेत. घर बुडेल."

"बुडू दे. मला कुठे दिसणार आहे?"

त्यांनी टेबलावर हात फिरवला. फोन रोज त्यांच्या उजव्या हाताशी असायचा. हात पुढे गेला, पाण्याच्या पेल्याला लागला, फाटलेल्या पत्रांवरून गेला, परत आला.

फोन सूनबाईंच्या हातात होता. तो त्यांनी केव्हा उचलला ते बाईंनासुद्धा दिसलं नव्हतं. सासऱ्यांसाठी दोन दुपारी बसून चोवीस चित्रं लिहिणारी हीच ती बाई. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या मुलींच्या फोटोकडे, आणि टेबलाचा खण हळूच ओढून फोन आत ठेवला.

भाऊजी अर्धे उठले आणि वहिनींकडे पाहू लागले. कोडं सोडवणं माझं काम, सोडवलेल्या कोड्याचं पुढे काय होतं ते माझं नाही, असं भिंगबाई नेहमी म्हणत. त्या दिवशी त्या तसं म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत, आणि त्याची त्यांना पुढे कायम लाज वाटली.

"सूनबाई, माझा फोन कुठे आहे गं?"

"चार्जिंगला लावलाय, बाबा."

थोरल्यांचा हात टेबलावर थांबला.

"पहिल्यांदाच खोटं बोललीस ना?" ते म्हणाले. "आवाज हलला तुझा. होईल सवय."

सूनबाईंनी खणाला कुलूप लावलं आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली.